मी साप नाही, जाळीवरची मासोळी

मित्रांनो, मी एक जुनी, म्हातारी मासोळी आहे. साप नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं ते सगळं या गैरसमजातून झालं, आणि त्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही. मला तळपाय नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती.

न्यांदारुआच्या डोंगरातून रुआरे नदी उतरते आणि कागुंडूच्या चहामळ्यांखालून उड्या मारत पुढे जाते. तिच्याच एका खळाळात, दगडाखाली माझा जन्म झाला. लांबी म्हणाल तर माणसाच्या मधल्या बोटाएवढी. अंगाला खवले नाहीत. मिशा आहेत. डोळे डोक्यावर आणि तोंड पोटाच्या बाजूला, गोल, वाटीसारखं. हे तोंड दगडाला लावून ओठ पसरले, की कितीही पाणी येऊ दे, मी हलत नाही. गाय वाहून जाईल, मी जाणार नाही. एकदा गाय वाहून गेलीसुद्धा, मी स्वतः पाहिली. मी तेव्हा दगडाला चिकटून शेवाळ खात होते.

मी पिल्लू असताना कागुंडूच्या लोकांनी नदीला छोटा बंधारा घातला. त्याच्या वरच्या बाजूला पाइपाचं तोंड बसवलं आणि त्या तोंडावर तारेची जाळी लावली. तिथून पाणी टाकीत जातं, टाकीतून घरोघरच्या नळाला. सुरुवातीला मी त्या सिमेंटवर फार चिडले होते. मग एक दिवस बंधाऱ्याच्या ओल्या भिंतीला ओठांनी चिकटत चिकटत वर चढले आणि जाळीपाशी पोचले. काय सांगू मित्रांनो! तारेतारेवर कोवळं शेवाळ, आणि शेवाळात अळ्या. तेव्हापासून रोज सकाळी जाळीवर जायचं, चरायचं आणि दुपारी खाली आपल्या दगडात परतायचं, हा माझा नेम झाला. कागुंडूच्या नळाला पाणी जोरात येत असे, त्याचं अर्धं श्रेय माझं आहे. कोणी दिलं नाही, मी मागितलंही नाही.

नाही, एकीने दिलं. वामाईथा तिचं नाव. पाणी समितीने तिला जाळी साफ करायच्या कामावर ठेवलं होतं. पन्नाशीची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला फडकं. एक दिवसाआड यायची, पालापाचोळा काढायची आणि ब्रश मारायची. माझ्या अंगावरून ब्रश कधी गेला नाही. "सरक गं बाई, जरा पलीकडे," म्हणायची. मी सरकायची. "झालं हो, आता चर." मी चरायची. दोघींचं बरं चाललं होतं.

बाकीच्यांना मी असल्याचा पत्ताही नव्हता. या डोंगरधारेवरची माणसं मासे खात नाहीत. पणजोबांच्या आधीपासून नाही. शहरात राहून आलेले काहीजण खातात, पण घरी सांगत नाहीत. जुन्या माणसांच्या मते मासा म्हणजे पाण्यातला साप, त्याला कोण तोंड लावणार? मी त्यांचे आभारच मानत होते. मला काय ठाऊक, की जो कधी खाल्लाच नाही त्याची ओळखही नसते.

त्या महिन्यात मी अंडी घातली होती. बंधाऱ्याच्या खाली, दोन चपट्या दगडांच्या फटीत. मोजली नाहीत. आईने मोजू नयेत असं मला वाटतं. पिवळसर, भरलेली, आतून हलायला लागलेली. अजून चार दिवस गेले असते तर बाहेर आली असती. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या प्रकारात माझा जीव तिथे अडकला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मुचोकी बंधाऱ्यावर आला. मुचोकी म्हणजे पाणी समितीचा अध्यक्ष. हातात पक्कड. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खाली मात्र बघितलं नाही. माझे डोळे डोक्यावर आहेत, मला सगळं दिसत होतं. त्याने जाळीचे चारही खिळे उपटले, जाळी गुंडाळली, काखेत मारली आणि चालता झाला. हो, समितीची जाळी, समितीच्या अध्यक्षाने! मी बघत राहिले. ओरडणार कशी?

शनिवारी वामाईथा आली नाही. भाचीच्या लग्नाची बोलणी होती, ती तिकडे गेली होती. मी सवयीने वर चढले आणि सवयीच्या जागी तोंड टेकवायला गेले, तर तिथे तारच नाही. नुसतं काळं भोक. पाण्याने मला आत ओढलं. मी ओठ पसरते, पण पाइप आतून गुळगुळीत! सगळं आयुष्य मी पाण्यासमोर हरले नाही, आणि हरले ती एका पाइपात. टाकीत पडले. दिवसरात्र तिथे अंधारात गोल गोल फिरले. रविवारी सकाळी कोणीतरी नळ उघडला आणि मी पुन्हा पाइपात गेले.

तो नळ वाचेराचा होता. वाचेरा ही कागुंडूतली लेकुरवाळी बाई, चर्चला जायच्या आधी गिथेरी चुलीवर चढवायच्या घाईत होती. मका आणि घेवडा पातेल्यात होता, वरून पाणी सोडलं, आणि पाण्याबरोबर मी पडले.

"अगं बाई गं! साप!"

हाच तो पहिला शब्द. इतक्या हालातून बाहेर आलेल्या जिवाचं हे स्वागत!

शेजारणी धावल्या. एकीने काठी आणली. "मारू नकोस पातेल्यात, घेवडा फुकट जाईल," वाचेरा म्हणाली. म्हणजे माझी नाही, घेवड्याची काळजी. दुसरी वाकून म्हणाली, "याला मिशा आहेत गं."

"सापाला कुठे मिशा असतात?"

"पाण्यातल्याला असतील. तू बघितलायस का पाण्यातला?"

"मी कशाला बघू? मला काय वेड लागलंय?"

तेवढ्यात मुचोकी आला. चर्चला निघाला होता, अंगात कोट. गर्दी बघून आत शिरला. पातेल्यात डोकावला आणि क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मी त्याला ओळखलं. त्याने मला नाही ओळखलं, पण जाळी नसल्यामुळे काय झालंय ते त्याला बरोबर कळलं. त्याने घसा खाकरला आणि मोठ्याने म्हणाला, "सापाचंच पिल्लू आहे हे! बंधाऱ्याखालच्या दगडांत यांची वस्ती झालीय. मी केव्हापासून म्हणतोय. आज चर्च सुटल्यावर सभा घेऊ. गोचिडाचं औषध आहे माझ्याकडे, गुरांवर मारायचं. ते त्या दगडांत ओतलं की एकही शिल्लक राहणार नाही."

बघा मित्रांनो! चोरी याची, आणि शिक्षा माझ्या अंड्यांना. त्या प्रकाराची साक्षीदार मी एकटी, आणि आरोपीही मीच. एवढा उघड कांगावा मी नदीत कधी बघितला नाही. नदीत मोठा मासा लहानाला खातो, पण खाताना निदान 'तूच मला चावलास' असं म्हणत नाही.

मला दुसऱ्या पातेल्यात काढलं आणि वर ताटली झाकली. पाणी साचलेलं, कोमट. वाहत्या पाण्यात वाढलेल्या जिवाला साचलेल्या पाण्यात श्वास पुरत नाही. मी भिंतीला तोंड लावून पडून राहिले आणि दगडांच्या फटीतल्या त्या पिवळ्या घोसाचा विचार करत राहिले.

चर्च सुटलं. आवारात सभा भरली. पुरुष बाकांवर, बायका गवतावर, मी मधल्या टेबलावर. वाचेराने ताटली उचलली तशी माना पुढे आल्या.

"शी! अंगाला खवलासुद्धा नाही."

"तेच तर सांगतोय," मुचोकी म्हणाला. "गुळगुळीत आहे. साप गुळगुळीत असतो."

"साबणही गुळगुळीत असतो," गवतावरून कोणीतरी बोललं. थोडं हसू फुटलं.

शाळेतून निवृत्त झालेले गाकुंजू गुरुजी होते. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. "अं... साप म्हणता येणार नाही. पण साप नाहीच, असंही म्हणता येणार नाही." चाळीस वर्षं शिकवून हे! मुलांनो, तुमच्या गुरुजींना कधी काही ठाऊक नसलं, तर 'ठाऊक नाही' म्हणायला सांगा. त्याने कुणाचा जीव जात नाही.

तेव्हा वामाईथा आली. भाचीच्या घरून तशीच, नव्या कपड्यांत, पायात मात्र रबरी बूट. म्हणजे वाटेत बंधाऱ्यावर जाऊन आली होती. तिने टेबलाशी येऊन पातेल्यात बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, तू इथे कशी?"

मला रडू आलं असतं. आधीच पाण्यात होते, म्हणून कळलं नाही.

पहिलं काम तिने काय केलं? पाण्याचा मग घेतला, पातेल्यातलं पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतलं, पाण्याला फेस आणला. मला श्वास आला. मग ती सभेकडे वळली. "कोण म्हणतं हा साप आहे?"

"मी म्हणतो," मुचोकी म्हणाला. "आणि तू आधी सांग, जाळी तुझ्या ताब्यात असताना हे आत आलं कसं? कामावर असतेस की नसतेस?"

"सांगते. आधी हे बघा." तिने पातेल्यातलं सगळं पाणी गवतावर ओतलं आणि पातेलं सरळ उपडं धरलं. बायका किंचाळून मागे सरकल्या. मी पडले नाही. मी भिंतीला चिकटले होते, आणि रागाने आणखी घट्ट चिकटले. "साप असा चिकटतो का? कोणी बघितलाय? बोला ना!" तिने पुन्हा पाणी भरलं. "ही आपली जाळी चाटून साफ करते. मी ब्रश मारते ते एक दिवसाआड, ही रोज. मादी आहे, अंडी टाकलेली दिसतेय. आता जाळीचं भोक केवढं? मक्याच्या दाण्याएवढं. ही केवढी? माझ्या करंगळीएवढी जाड. मग ही आत गेली कशी, अध्यक्ष? मी आत्ता बघून आले. बंधाऱ्यावर जाळीच नाही."

"नाही म्हणजे... पुरात गेली असेल."

"पूर? तीन आठवडे चहाच्या पानावर थेंब नाही. कसला पूर?"

"मग कोणी नेली असेल! मला काय विचारतेस? मी काय राखण करत बसतो?"

बायकांमध्ये पुढेच एक म्हातारी बसली होती, न्यागुथी. सगळे तिला शोशो म्हणत, म्हणजे आजी. मुचोकीची सख्खी आई. तिला कमी ऐकू यायचं, पण आता बोलणं मोठ्याने चाललं होतं. ती म्हणाली, "जाळी? कुठली, ती हिरवट, शेवाळलेली? ती आमच्याकडे आहे की!"

"आई, तू गप्प बस."

"का गप्प बसू? चांगलं केलंस ते सांगू नको? शुक्रवारी माझ्या लेकाने आणली आणि पिलांच्या खुराड्याला ठोकली. रोज एक पिलू मुंगूस नेत होतं. त्या दिवसापासून एक गेलं नाही! किती गुणाचं पोर आहे माझं."

मग जो हशा उसळला तो चर्चच्या पत्र्याला भिडला. गाकुंजू गुरुजी चष्मा पुसत हसत होते. मुचोकीने कोटाची बटणं लावली, सोडली. "मी परत लावणारच होतो," तो म्हणाला. "सोमवारी. पिलं जरा मोठी झाली की..."

"पिलं सोमवारपर्यंत मोठी होतात होय रे!" वाचेरा ओरडली. "आणि माझ्या पातेल्यात साप सोडून तू चर्चला गेलास? गाणं पण सगळ्यात मोठ्याने म्हणालास!"

"साप नाही, मासोळी," वामाईथा म्हणाली.

"हो हो, मासोळी. चुकलं बाई."

मित्रांनो, ते 'चुकलं बाई' ऐकून माझा राग अर्धा उतरला, खोटं कशाला बोलू? सभेने ठराव केला. जाळी आजच्या आज परत लावायची, आणि औषधबिवषध काही ओतायचं नाही. बायका उठल्या. आमच्याकडे पोर जन्माला आलं की बायका जिभा हलवून आनंदाचे सूर काढतात, मुलगा असेल तर पाच, मुलगी असेल तर तीन. एकजण थट्टेने म्हणाली, "हिच्यासाठी द्या गं!" आणि सगळ्यांनी माझ्यासाठी सूर काढले. तीन. पोरगा असते तर पाच मिळाले असते. असू दे. त्या क्षणी मला तेही गोड वाटलं. वाटलं, आता चार दिवस, आणि मग फटीतून माझी पिल्लं बाहेर येतील.

आणि मुचोकीचा गडी आवारात शिरला. हातात रिकामा डबा. घामाने निथळलेला, काम केल्याच्या समाधानात.

"झालं मालक," तो म्हणाला. "तुम्ही चर्चला जाताना सांगितलं तसं. सगळं ओतलं."

वामाईथाने विचारलं, "कुठे ओतलंस?"

"बंधाऱ्याच्या खाली. दगडांत. मालक म्हणाले वर ओतू नकोस, वरचं आपण पितो."

आता नीट ऐका. सभेने काय केलं सांगते. सभेने सुस्कारा सोडला. एकजण म्हणाला, "देवाची कृपा, खालीच ओतलं ना!" दुसरा म्हणाला, "मग आपलं पाणी चांगलं आहे." तिसरीने चहाचं विचारलं. ज्यांनी आत्ता माझ्यासाठी सूर काढले होते, त्यांच्या जिभेवर तो सूर वाळलाही नव्हता. खालीच ओतलं ना! अहो, मी खाली राहते! माझं घर खाली आहे, माझी अंडी खाली आहेत! मी पातेल्याच्या भिंतीवर डोकं आपटत होते आणि वर माणसं चहात साखर किती ते सांगत होती.

एक वामाईथा तेवढी उभी होती. "खाली गिटुरो गावची माणसं पाणी भरतात रे!" ती ओरडली. "खाली पोरं आंघोळ करतात!" मग तिने कोणाची वाट बघितली नाही. पातेलं उचललं, पोटाशी धरलं आणि धावत सुटली.

पन्नाशीची बाई, रबरी बूट, चहामळ्याची उतरण. पाणी हिंदकळत होतं, मी चिकटून होते. ती वरूनच ओरडत होती, "पाणी भरू नका! गुरं हाकला! पाण्यात औषध आहे!" गिटुरोच्या घाटावर एक बाई अळकुड्या धूत होती. तिने टोपली तशीच टाकली आणि पोरांना दंडाला धरून बाहेर ओढलं. दोन गाई पाण्याच्या काठाला पोचल्या होत्या, त्यांना दगड मारून वळवलं. माणसं वाचली. गुरं वाचली. पाण्यावर मात्र पांढरी पोटं वाहत येत होती, लहान, लहान, माझ्यासारखी. अळकुड्यांवाली बाई म्हणाली, "हे काय आहे? साप?"

वामाईथाने पातेलं आणखी घट्ट पोटाशी धरलं.

मग ती मला घेऊन नदीच्या काठाने बंधाऱ्यापर्यंत चढून आली. खळाळ तसाच वाहत होता, पण वास वेगळा, डोळ्यांत झोंबणारा. तिने पातेलं कोरड्या दगडावर ठेवलं, लांब काठीने एकेक चपटा दगड उलटा करून बघितला. त्या दोन दगडांची फट तिला कशी सापडली, ठाऊक नाही. पातेल्याच्या काठावरून मला दिसलं. पिवळं काही उरलं नव्हतं. पांढरं झालं होतं, उकडल्यासारखं.

मी निर्दोष सुटले होते, मित्रांनो. भर सभेत, एकमताने.

वामाईथा खाली बसली. "मी शनिवारी यायला हवं होतं गं," ती म्हणाली. एवढ्या माणसांत जिने काही केलं नव्हतं, तिनेच माफी मागितली. मग तिने मला बंधाऱ्याच्या वर, स्वच्छ पाण्यात सोडलं आणि मला चिकटायला दगड सापडेपर्यंत पाण्यात हात धरून बसली.

त्याला आता दोन पावसाळे झाले. जाळी परत बसली, खुराड्याची नव्हे, नवी कोरी. अध्यक्ष मात्र जुनेच आहेत. निवडणूक झाली, लोक म्हणाले, मुचोकी तसा मनाने वाईट नाही. असेल. मी त्याच्या मनात राहत नाही, मी नदीत राहते. वरच्या ओढ्यांतून चार-दोन मासोळ्या खाली उतरल्या आहेत, पुन्हा वस्ती धरते आहे. मी जाळीवर चरते. वामाईथा म्हणते, "सरक गं बाई." मी सरकते. पण अजून मी बंधाऱ्याखाली उतरून अंडी घातलेली नाहीत. हिंमत होत नाही.

मित्रांनो, तुम्ही मासे खा की नका खाऊ, तो तुमचा प्रश्न. माझ्यावर प्रेम करा, असंही मी म्हणत नाही. तुमच्याही गावात नदी असेल, नाला असेल, आणि कधीतरी एखादा रिकामा डबा हातात घेऊन कोणी येईल आणि म्हणेल, काळजी नको, खालीच ओतलं. तेव्हा चहाचं विचारू नका. उठून उभे राहा आणि त्याला एवढंच विचारा, की खाली कोण राहतं.